प्रकाशनाचे वर्ष आणि आगमनाचे वर्ष : व्हिडिओ गेमच्या इतिहासातील इ. स. २०२० व परभणी जिल्हा

१

साहित्य, नाट्य किंवा चित्रपट यांचा इतिहास लिहिताना एखादे वर्ष निवडून त्याला विशेष मान देण्याची प्रथा रूढ आहे. त्या वर्षी कोणकोणत्या कृती प्रसिद्ध झाल्या याची यादी केली जाते, त्यांतील थोर कृती वेगळ्या काढल्या जातात आणि त्या एकाच वर्षी अवतराव्यात यामागे काही कारणपरंपरा होती काय, याचा शोध घेतला जातो. इ. स. १९७२ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ आला. तेव्हापासून मोजले तर व्हिडिओ गेमचा व्यवसाय आता पन्नास वर्षांहून अधिक जुना झाला आहे, आणि त्याच्याही इतिहासात अशी मानाची वर्षे ठरून गेली आहेत. त्यांत १९९८ या वर्षाचे नाव बहुधा प्रथम घेतले जाते. २०२० या वर्षाचा उल्लेखही आता वारंवार होऊ लागला आहे.

ही वर्षे ज्या यादीच्या आधारे ठरतात ती यादी प्रकाशनाच्या तारखांची असते, आणि प्रकाशनाची तारीख ही नेहमी कोठली तरी तारीख असते. ती टोकिओची असेल, न्यूयॉर्कची असेल, क्वचित मुंबई-पुण्याची असेल. गंगाखेडची किंवा जिंतूरची ती सहसा नसते. एखादी कृती जगात प्रसिद्ध होणे आणि ती एखाद्या प्रदेशातील लोकांच्या हाती पडणे या दोन निरनिराळ्या घटना होत. त्यांमधील अंतर कधी एका दिवसाचे असते, कधी दहा वर्षांचे, आणि कधी दुसरी घटना घडतच नाही. या दोन घटनांना अनुक्रमे 'प्रकाशन' आणि 'आगमन' अशा संज्ञा देऊन २०२० या वर्षाचा परभणी जिल्ह्याच्या बाजूने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रकाशनाच्या यादीवरून दिसणारे २०२० आणि आगमनाच्या यादीवरून दिसणारे २०२० ही जवळजवळ दोन वेगळी वर्षे आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्या वर्षाची साधने आज जपली नाहीत तर त्याचा इतिहास पुढे लिहिताच येणार नाही, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

२

प्रथम १९९८ चे उदाहरण घेणे सोयीचे होईल. त्या वर्षाच्या जानेवारीत जपानमध्ये 'रेसिडेंट ईव्हिल २', मार्चअखेर अमेरिकेत 'स्टारक्राफ्ट', सप्टेंबरमध्ये जपानमध्ये 'मेटल गिअर सॉलिड', आणि नोव्हेंबर या एकाच महिन्यात 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम' व 'हाफ-लाइफ' हे खेळ प्रसिद्ध झाले. त्रिमिती अवकाशात खेळाडूने कसे वावरावे, कथा कशी सांगावी, दूरस्थ प्रतिस्पर्ध्यांशी स्पर्धा कशी करावी या प्रश्नांची जी उत्तरे या खेळांनी दिली ती पुढील वीस वर्षे प्रमाण मानली गेली. या अर्थाने ते वर्ष थोर होते याविषयी वाद करण्याचे कारण नाही.

आता त्याच वर्षाचा परभणी जिल्हा डोळ्यांपुढे आणावा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तेव्हा १९९८ हे अविभक्त परभणी जिल्ह्याचे अखेरचे पूर्ण वर्ष होय. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोजक्या मोठ्या शहरांत सुरू झाली होती, आणि खासगी कंपन्यांना ती देण्याची मुभा नोव्हेंबर १९९८ मध्ये मिळाली. म्हणजे 'हाफ-लाइफ' ज्या महिन्यात अमेरिकेत विक्रीस आला त्याच महिन्यात भारतात इंटरनेटचा व्यवसाय खुला होत होता. तालुक्याच्या गावी त्या काळी दूरध्वनीचे एसटीडी बूथ हेच संपर्काचे नवे साधन समजले जात होते.

याचा अर्थ त्या काळात निमशहरी महाराष्ट्रात व्हिडिओ गेम नव्हते असा मात्र नाही. नव्वदीच्या दशकात घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाची 'समुराई', 'लिटल मास्टर' यांसारख्या नावांची यंत्रे बाजारात आली होती. लोक त्यांना सरसकट 'टीव्ही गेम' म्हणत, आणि खेळाच्या काडतुसाला 'कॅसेट'. निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या धर्तीवर ती बेतलेली होती. त्यांवर जे खेळ खेळले जात त्यांत १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि १९८७-८८ चा 'काँट्रा' हे प्रमुख होत. मूळ देशांत जे खेळ तोवर जुने होऊन गेले होते ते येथे नवे म्हणून आले, आणि नव्या वस्तूला मिळावा तो सर्व उत्साह त्यांना मिळाला. ज्या वर्षी जग 'झेल्डा'चे स्वागत करीत होते त्या वर्षी मराठवाड्यातील मुलाचा समकालीन खेळ 'काँट्रा' होता. यास मागासलेपण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहासकाराला ते पुरेसे नाही. त्या मुलाच्या दृष्टीने 'काँट्रा' हाच १९९८ चा खेळ होता आणि त्याच्या अनुभवाची कालगणना त्यावरूनच करावी लागते.

३

प्रकाशन व आगमन यांमधील हे अंतर पुढे कसे कमी होत गेले याचे तीन टप्पे स्थूलमानाने दाखविता येतात.

पहिला टप्पा संगणकवर्गांचा. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा तिचा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र उपयोगी पडू लागल्याने लहान गावांतही संगणकवर्ग निघाले. संगणकाशी प्रथम परिचय होण्याचे ते ठिकाण. विंडोज प्रणालीबरोबर विनामूल्य येणारे 'सॉलिटेअर' (१९९०) व 'माइनस्वीपर' (१९९२) हे खेळ पत्ते आणि तर्क यांच्या मिषाने माउस वापरण्याचा सराव करून देत. हे खेळ येथे पोहोचण्यास दहा-बारा वर्षे लागली.

दुसरा टप्पा साध्या मोबाइलचा. तानेली आर्मांतो या फिनिश अभियंत्याने नोकियाच्या ६११० या संचासाठी रचलेला 'स्नेक' हा सापाचा खेळ १९९७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती २००३ च्या नोकिया ११०० या स्वस्त संचात होती, आणि हा संच भारताच्या ग्रामीण बाजारपेठेत विलक्षण लोकप्रिय झाला. येथे अंतर पाच-सहा वर्षांवर आले. आणखी एक फरक पडला. टीव्ही गेमसाठी घरात दूरदर्शन संच, वीज आणि वडीलधाऱ्यांची संमती या तिन्ही गोष्टी लागत. मोबाइलवरील खेळ शेताच्या बांधावर किंवा एसटीच्या थांब्यावरही खेळता येई.

तिसरा टप्पा स्वस्त विदासेवेचा. रिलायन्स जिओची व्यापारी सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि त्यानंतर सर्वच कंपन्यांचे दर कोसळले. मध्यम किमतीचे स्मार्टफोन त्याच सुमारास सर्वत्र मिळू लागले. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती आणि तिच्यापैकी सुमारे सात-दशांश लोक ग्रामीण भागात राहत होते. अशा जिल्ह्यात केबल, दुकान आणि वितरक या साखळीने जे कधी पोहोचले नसते ते आता मनोऱ्यावरून थेट पोहोचू लागले. १९ मार्च २०१८ रोजी 'पबजी मोबाइल' हा खेळ जगभर प्रसिद्ध झाला तेव्हा तो मानवत किंवा सोनपेठ येथे उतरवून घेणे आणि सिंगापूर येथे उतरवून घेणे यांत तारखेचा फरक तत्त्वतः उरला नव्हता. प्रकाशन व आगमन एक होण्याची ही वेळ होती. २०२० या वर्षाने मात्र वेगळेच चित्र दाखविले.

४

प्रकाशनाच्या यादीवरून पाहता २०२० हे भरगच्च वर्ष होते. २० मार्च रोजी 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' व 'डूम इटर्नल', २३ मार्च रोजी 'हाफ-लाइफ : ॲलिक्स', एप्रिलमध्ये 'फायनल फँटसी ७' ची पुनर्रचना, १९ जून रोजी 'द लास्ट ऑफ अस' चा दुसरा भाग, १७ जुलै रोजी 'घोस्ट ऑफ त्सुशिमा', सप्टेंबरमध्ये 'हेडीज' व 'गेन्शिन इम्पॅक्ट', आणि १० डिसेंबर रोजी 'सायबरपंक २०७७'. हा शेवटचा खेळ इतका सदोष निघाला की आठवडाभरातच सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून मागे घेतला. सोनीचे 'प्लेस्टेशन ५' हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत व जपानमध्ये आले. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. म्हणजे २०२० च्या प्रत्येक यादीत अग्रस्थानी असलेले हे यंत्र भारताच्या आगमन-सूचीत २०२१ चे ठरते.

हे वर्ष सर्व जगाला बंदिस्त करणारे होते. भारतात २२ मार्च रोजी जनता कर्फ्यू पाळला गेला आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. पुणे, मुंबई व छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे शिक्षणासाठी आणि कामासाठी गेलेला मराठवाड्यातील तरुण वर्ग मोठ्या संख्येने गावी परतला. जूनमध्ये शालेय वर्ष सुरू झाले ते वर्गाबाहेर. पाठ मोबाइलवर येऊ लागले. परिणामी अनेक कुटुंबांत एकच स्मार्टफोन हा शाळा, करमणूक आणि परगावच्या नातलगांशी बोलण्याचे साधन असा तिहेरी झाला. त्या एका यंत्रावर कोणी, किती वेळ आणि कशासाठी बसावे हा घरातला वाद त्या वर्षीच्या सामाजिक इतिहासाचा एक भाग आहे, आणि खेळांचा इतिहास त्यापासून तोडता येत नाही.

अशा परिस्थितीत जिल्ह्याच्या दृष्टीने २०२० चे खेळ कोणते, या प्रश्नाचे उत्तर तीन खेळांच्या निरनिराळ्या भाग्यरेखांवरून मिळते. एक महाराष्ट्रात जन्मला पण जिल्ह्यापर्यंत सहजी आला नाही. दुसरा जुना असून त्या वर्षी नवा झाला. तिसरा हाती असून काढून घेतला गेला.

५

'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने तयार केला. श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग हे तिचे संस्थापक. लोकांकडून निधी उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न फसल्यानंतरही तिने काम सोडले नाही. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. महाबलासुराच्या सैन्याने पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाचा ती शोध घेते, आणि दुर्गा व विष्णू तिच्या प्रवासाचे निवेदन करतात. राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्या यांचा आधार घेऊन उभे केलेले त्याचे दृश्यविश्व जागतिक समीक्षकांनी वाखाणले, आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये उत्कृष्ट प्रथम खेळाच्या नामांकनात त्याला स्थान मिळाले. भारतीय व्हिडिओ गेमच्या कोणत्याही इतिहासात २०२० हे 'राजी'चे वर्ष म्हणून नोंदले जाईल, आणि ते योग्यच आहे.

परंतु हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम प्रसिद्ध झाला तो निन्टेंडो स्विच या यंत्रावर. आणि निन्टेंडोची अधिकृत विक्रीव्यवस्था त्या वेळी भारतात नव्हती. संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स यांवर तो १५ ऑक्टोबर रोजी आला. हिंदी आवाजांची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. म्हणजे पुण्यात घडलेली, भारतीय पुराणकथेवर आधारलेली कृती आधी परदेशांतील घरांत पोहोचली, दोन महिन्यांनी ज्यांच्याकडे बऱ्यापैकी संगणक होता अशा भारतीयांच्या घरांत आली, आणि ज्या जिल्ह्यात खेळण्याचे मुख्य साधन मध्यम किमतीचा मोबाइल आहे तेथे तिला दारच नव्हते. पुणे आणि परभणी यांमधील अंतर रेल्वेने एका रात्रीचे. या खेळाच्या बाबतीत ते टोकिओपेक्षा दूरचे ठरले. यात निर्मात्यांना दोष देण्याचे कारण नाही. छोट्या संस्थेला जगाच्या बाजारपेठेतच आपला खर्च भरून काढावा लागतो, आणि ती बाजारपेठ ज्या यंत्रावर असेल त्या यंत्रावर जावे लागते. तथापि भौगोलिक सान्निध्य आणि सांस्कृतिक सान्निध्य असूनही वितरणाची वाट वेगळी असेल तर आगमन होत नाही, हा ऐतिहासिक धडा त्यातून निघतो.

६

दुसरा खेळ 'लुडो किंग'. नवी मुंबईतील 'गेमेशन टेक्नॉलॉजीज' या संस्थेने तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता. टाळेबंदीच्या काळात तो देशभर घरोघरी पोहोचला. दूर असलेली चार माणसे एकाच पटावर बसू शकतात हा गुण चार वर्षे त्याच्यात होताच; २०२० मध्ये त्या गुणाला गरज भेटली. खेळता खेळता एकमेकांशी बोलण्याची सोयही त्याच वर्षी त्यात जोडली गेली. साध्या मोबाइलवर चालणारा, नियम समजावून सांगावे न लागणारा, आजोबा व नातू दोघांनाही येणारा असा हा खेळ प्रकाशनाच्या हिशेबाने २०१६ चा, पण आगमनाच्या हिशेबाने निःसंशय २०२० चा आहे. पाश्चात्त्य देशांतही असेच एक उदाहरण घडले. जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अमंग अस' हा खेळ दोन वर्षे जवळजवळ अज्ञात राहून २०२० मध्ये जगप्रसिद्ध झाला. त्या वर्षी सर्वतोमुखी असलेले हे दोन्ही खेळ त्या वर्षी प्रसिद्ध झालेच नव्हते, ही गोष्ट प्रकाशनाच्या याद्यांची मर्यादा दाखविण्यास पुरेशी आहे.

'लुडो'च्या मागे आणखी जुने आगमन दडलेले आहे. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये पेटंट घेतलेला 'लुडो' हा आपल्या पचिशीचा, म्हणजेच सारीपाटाच्या कुळातील खेळाचा, सुटसुटीत अवतार होय. पचिशीच्या पटाच्या प्रत्येक भुजेत आठ घरांच्या तीन रांगा असतात. लुडोत त्या सहा घरांच्या झाल्या. कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा एकच फासा आला. सर्वांत अर्थपूर्ण बदल वेगळाच आहे. पचिशीत समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि दोन पक्षांचा सामना होतो. लुडोत प्रत्येक खेळाडू स्वतःपुरता खेळतो. अशा रीतीने भिडू गमावून हा खेळ विलायतेहून कागदी पटाच्या रूपाने परत आला, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षांनी नवी मुंबईहून मोबाइलच्या पडद्यावर आला. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर फाशांच्या खेळाची परंपरा येथे दगडात कोरलेली आहे : वेरूळच्या लेणे क्रमांक २१ मध्ये, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिव-पार्वतींच्या अक्षक्रीडेचे शिल्प आहे. त्या शिल्पातील खेळ आणि सारीपाट एकच असे म्हणता येणार नाही. पण दान, डाव, पट, सोंगटी ही शब्दसंपत्ती आणि 'दान पडणे', 'पट उधळणे' यांसारखे प्रयोग मराठीत मुरलेले असल्यामुळे मोबाइलवरचा लुडो या प्रदेशाला परका वाटला नाही. 'राजी'ला जी वाट मिळाली नाही ती 'लुडो'ला मिळाली, कारण ती वाट आधीपासून वहिवाटीची होती.

७

तिसरे उदाहरण 'पबजी मोबाइल'चे. गलवान खोऱ्यातील जून २०२० च्या संघर्षानंतर केंद्र शासनाने २९ जून रोजी ५९ आणि २ सप्टेंबर रोजी आणखी ११८ मोबाइल उपयोजनांवर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अ अन्वये बंदी घातली. दुसऱ्या यादीत हा खेळ होता. ३० ऑक्टोबर २०२० रोजी त्याची भारतातील सेवा व सर्व्हर बंद करण्यात आले. ४ सप्टेंबर रोजी अभिनेते अक्षय कुमार यांनी बंगळूरच्या 'एन-कोअर गेम्स' या संस्थेच्या 'फौजी' या खेळाची घोषणा केली. तो प्रत्यक्षात २६ जानेवारी २०२१ रोजी आला. 'पबजी'चाच भारतासाठीचा अवतार 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने जुलै २०२१ मध्ये आला. मधल्या काळात कमी किमतीच्या मोबाइलवरही चालणाऱ्या 'फ्री फायर' (२०१७) या खेळाने बरीच जागा व्यापली. त्यावरही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली.

ग्रंथ जप्त झाला तरी त्याच्या काही प्रती कोणाच्या तरी फडताळात राहतात, आणि इतिहासकाराला त्या पुढे सापडतात. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळाचे तसे नाही. तो बंद झाला की सर्वांच्या हातून एकाच दिवशी नाहीसा होतो; मोबाइलमध्ये उरलेली फाइल ही केवळ बंद कुलपाची किल्ली असते. म्हणून आगमनाच्या यादीला एक तिसरा रकाना जोडणे भाग पडते, तो 'निर्गमना'चा. प्रकाशनाच्या इतिहासात २०२० हे वर्ष भरतीचे दिसते. जिल्ह्यातील खेळाडूच्या दृष्टीने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एक मोठी ओहोटी आली.

८

आता साधनांचा प्रश्न. प्रकाशनाच्या तारखा कंपन्यांच्या पत्रकांत, नियतकालिकांत व पुरस्कारांच्या याद्यांत सुरक्षित आहेत. त्या नष्ट होण्याचे भय नाही. आगमनाची नोंद मात्र कोणी करीत नाही, आणि या बाबतीत मराठवाड्याला जुना अनुभव आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापल्या गेलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या तयार होत. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तोवर या प्रदेशातील वाचनव्यवहाराचा बराच भाग नोंदीवाचून गेला होता. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या परिश्रमाने 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली म्हणून निदान ग्रंथांच्या प्रकाशनाचा पाया पक्का झाला; ते ग्रंथ कोठे, केव्हा, कोणी वाचले याची सूची कोणीच केली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशित ग्रंथाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. व्हिडिओ गेमला तो कायदा लागू नाही. चित्रपटाच्या बाबतीत पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले; पण तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला हे दिनांकासह आणि स्थळासह माहीत आहे. त्या बोलपटाची प्रत मात्र आज कोठेही उपलब्ध नाही. तारीख राहिली आणि कृती गेली. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हीच चूक पुन्हा होण्याचा संभव अधिक आहे, कारण येथे कृती स्वतःच पालटत राहते. मोबाइलवरील खेळ दर काही आठवड्यांनी नव्या आवृत्तीने जुना पुसून टाकतो. टाळेबंदीत गंगाखेडच्या आणि पुण्याच्या भावंडांनी जो 'लुडो किंग' खेळला तो त्या स्वरूपात आज उतरवून घेता येत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की खेळ ही करमणुकीची वस्तू, तिच्या आगमनाचा एवढा हिशेब कशासाठी? त्यास उत्तर असे की चित्रपटाविषयीही एके काळी हेच म्हटले गेले, आणि त्या उदासीनतेची किंमत आज संशोधक मोजीत आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्रकाशनाची तारीख निश्चित असते, आगमन संदिग्ध असते, मग संदिग्धावर इतिहास कसा उभारावा? परंतु शेतीच्या इतिहासात संकरित बियाणे केव्हा तयार झाले याइतकेच ते कोणत्या तालुक्यात केव्हा पेरले गेले याला महत्त्व असते, आणि तो दुसरा प्रश्न कोणी संदिग्ध म्हणून सोडून देत नाही. त्यासाठी निराळी साधने शोधली जातात. येथेही ती आहेत : अडगळीत पडलेले जुने मोबाइल संच आणि त्यांतील जुन्या आवृत्त्या, टीव्ही गेमच्या कॅसेट, दुरुस्ती व रिचार्जच्या दुकानांच्या वह्या, संगणकवर्गांच्या नोंदी, आणि सर्वांत मोलाच्या म्हणजे २०२० मध्ये दहा ते वीस वर्षांच्या असलेल्या पिढीच्या आठवणी. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतून अशी साधने गोळा करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे, कारण संच भंगारात जातात आणि आठवणी नंतरच्या आठवणींत मिसळतात.

असे काम झाल्यास २०२० च्या नोंदीला तीन रकाने मिळतील. पहिल्यात 'राजी' असेल आणि पुण्यातल्या एका छोट्या संस्थेने जगात मिळविलेला मान असेल. दुसऱ्यात चार वर्षे जुना 'लुडो' असेल आणि त्याच्या पाठीशी शतकानुशतकांचा सारीपाट असेल. तिसऱ्यात ३० ऑक्टोबर ही तारीख असेल. या तीनही रकान्यांचे मिळून जे होते ते त्या वर्षाचे खरे स्वरूप. त्यांपैकी पहिला रकाना जगाने भरून ठेवला आहे. उरलेले दोन जिल्ह्याजिल्ह्यांत बसूनच भरावे लागतील.